आपाच्या गॅलरीपर्यंतचा रस्ता

नझीर परकारचं नाक भिंतीला लागलं, तेव्हा भिंत अजून ओली होती. सवयीनं तो 'सॉरी' म्हणाला. मग एक पाऊल मागं येऊन त्यानं पाहिलं. समोर माणूस वगैरे कुणी नव्हतं, नुसतं विटांचं बांधकाम होतं, आणि ते नेमकं अशा ठिकाणी होतं जिथं काल संध्याकाळपर्यंत काहीच नव्हतं. ते काहीच-नसणं त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. खांद्याइतकं उंच, जरा तिरकं झालं की आत शिरता येईल असं भगदाड. रोज सकाळी हातात डबा घेऊन, डोक्यात दुसरंच काही चालू असताना, पाय आपोआप त्या दिशेला वळत. आजही वळले होते. डब्यात बायकोनं, नफिसानं, केलेली सांदणं होती, गरम होती, आणि ती पलीकडे थोरल्या बहिणीच्या, आपाच्या, घरी अम्माला द्यायची होती. नाकावरचं सिमेंट चाचपत नझीर तिथंच उभा राहिला. त्याला राग आला नाही. झोपेतून उठून आरशात पाहावं आणि आरशात दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा असावा, पण तोही बऱ्यापैकी सभ्य माणूस असावा, तसं काहीसं त्याला वाटलं.

भिंतीच्या अलीकडे सेक्टर सात, पलीकडे सेक्टर तेरा. सातच्या शेजारी आठ नव्हता. आठ रेल्वेच्या पलीकडे होता आणि नऊ कुणाला अजून सापडलेला नव्हता. ज्यांनी हे आकडे टाकले त्यांच्या मनात काहीतरी योजना असणार, असं नझीर इथं राहायला आल्यावर बरेच दिवस मानत होता, आणि लोकांनाही तसं पटवत होता. आपाची गॅलरी त्याच्या स्वयंपाकघरातून इतकी जवळ दिसे की दुल्हाभाईंची, म्हणजे आपाच्या नवऱ्याची, लुंगी कोणत्या चौकडीची आहे हे सांगता यावं. पण रस्त्यानं जायचं म्हणजे आधी आपल्या गेटातून बाहेर पडायचं ते आपाच्या घराकडे पाठ करून. मग सेक्टरच्या एकुलत्या एका रस्त्यानं सर्कलपर्यंत, तिथून मोठ्या रस्त्यावर, त्याला मधोमध डिव्हायडर, तो फुटतो तो थेट हायवेच्या तोंडाशी, तिथून वळसा, मग कुणीही न बांधलेल्या प्लॉटांच्या कडेकडेनं, खाडीच्या बांधावरून, दुसऱ्या सर्कलला, आणि मग सेक्टर तेराच्या एकुलत्या एका गेटातून आत. झाडाच्या एका पानावरून शेजारच्या पानावर जायला मुंगीला बुंध्यापर्यंत उतरावं लागतं तसं. रिक्षावाले पहिल्यांदा म्हणायचे, "साहेब, समोर तर दिसतेय बिल्डिंग, रिक्षा कशाला?" आणि मग स्वतःच मान हलवून मीटर टाकायचे.

नझीर कळंबोलीच्या लोखंडबाजारात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता. सळया, पत्रे, अँगल भरलेले ट्रक देशभर रवाना करणं हे त्याचं काम. दहा गावचे ड्रायव्हर त्याला विचारत, "नझीरभाई, कोइम्बतूरला गाडी कुठनं घालू?" आणि नझीर चहाचा घोट घेता घेता सांगे, कुठला घाट टाळ, कुठल्या नाक्यावर उगाच थांबवतात, कुठं पूल खचलाय. त्याच्या शब्दावर माणसं कन्याकुमारीपर्यंत जात. आणि आज तोच नझीर सांदणांचा डबा घेऊन उभा होता आणि डबा पोचत नव्हता.

हा फ्लॅट त्यानं घेतला तेव्हा इमारतीला भिंतीसुद्धा नव्हत्या. बिल्डरच्या माणसानं त्याला तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर नेलं आणि 'स्टेशन प्रपोज्ड', 'गार्डन प्रपोज्ड', 'मार्केट प्रपोज्ड' असं चारी दिशांना बोट दाखवून सांगायला सुरुवात केली. नझीरचं लक्ष नव्हतं. समोर आपा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. त्यानं हाक मारली, "आपा!" आपानं वर पाहिलं, "जेवलास काय?" असं विचारलं, आणि नझीरनं तिथल्या तिथं फ्लॅट पक्का केला. म्हसळ्याकडं त्यांच्या गावात शेजार हाकेनं मोजत. हाक पोचली की शेजार, नाही पोचली की परगाव. हाकेनं फ्लॅट घेणारा तो त्या अख्ख्या शहरातला बहुधा एकटाच माणूस असावा. नकाशा त्यानं नंतर पाहिला, आणि त्यात आपाची इमारत वेगळ्याच पानावर निघाली.

तरी भगदाड होतं म्हणून सगळं ठीक चाललं होतं. ते कुणी पाडलं हे कुणालाच माहीत नव्हतं. बांधकामाच्या वेळी मजुरांनी ये-जा करायला ठेवलेलं असावं. पुढं लोकांनी वापरून वापरून त्याच्या कडा गुळगुळीत केल्या होत्या. अम्मा गावाहून आली ती या भगदाडाच्या भरवशावर. पंधरा दिवस लेकीकडे, पंधरा दिवस लेकाकडे. पण हा हिशेब नझीर आणि आपाचा. अम्माच्या लेखी ते एकच घर होतं, दोन स्वयंपाकघरांचं. इकडं भात शिजत टाकून ती तिकडं जाऊन कालवणाची चव घेऊन यायची. भगदाडाला ती 'मागलं दार' म्हणायची.

गावात पुढचं दार पुरुषांचं, पाहुण्यांचं आणि पोस्टमनचं. बायकांचं गाव मागच्या बाजूनं असे. एका परसाच्या नारळी झापाच्या कुंपणात फट, तिथनं दुसऱ्याचं परस, त्याला फट, तिथनं तिसऱ्याचं. लहानपणी अम्माचं बोट धरून नझीर अख्खा मोहल्ला या फटींतून फिरला होता. ओल्या राखेचा वास, धुण्याचा दगड, कुणाच्या तरी दाव्याला बांधलेली बकरी, कुठं मासळी तळतेय, कुठं पोर रडतंय. अम्मा प्रत्येक परसात एक वाक्य बोलायची आणि पुढच्या परसात त्याचं उत्तर ऐकायची. लग्न होऊन ती पुढच्या दारानं घरात आली होती. त्यानंतर त्या दाराशी तिचं फारसं काही काम पडलं नाही. अब्बांना नेलं तेव्हासुद्धा ती मागच्याच दारात उभी होती. आता ती परसं होती तशीच होती, पण त्यातली माणसं एकेक करून कुवेतला, मुंब्र्याला, कुठं कुठं गेली होती. गेल्या वर्षी अम्मा विहिरीवर पाय घसरून पडली आणि दुपार टळली तरी कुणाला कळलं नाही. हाक मारली होती म्हणे तिनं. म्हणून तर तो तिला इथं घेऊन आला होता.

आणि आता ती पलीकडे होती आणि मागलं दार बंद होतं. डबा घेऊन नझीर परत वर आला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यानं हाक मारली. अम्मा गॅलरीत आली.

"भगदाड बुजवलंय गं!"

"कोनी?"

"माहीत नाय."

अम्मानं पदर सावरला. दोन सेक्टरांच्या मधल्या हवेतून तिचा आवाज अगदी शांत आला. "मग मना गावाला नेऊन सोड, बाला. आजून आठ दिस बघतंय. ज्या घराला मागलं दार नाय तिथं माज्यानं नाय ऱ्हावत."

नफिसा मागं उभी होती. म्हणाली, "तुम्ही सेक्रेटरींकडे जा. आत्ताच्या आत्ता. नाकावर सिमेंट आहे ते राहू दे, पुरावा आहे."

सेक्रेटरी नंदकिशोर पाठक बनियनवर पेपर वाचत बसले होते. त्यांनी नझीरचं नाक लक्षपूर्वक पाहिलं. "अहो परकार, सिक्युरिटीचा प्रश्न आहे. बाहेरची माणसं आत येतात."

"कोण बाहेरची?"

"तेरा नंबरची."

"आणि आपली तिकडं जातात ती?"

"ती आपली आहेत हो. त्यांचं टेन्शन नाही."

पुढं जे कळलं ते असं. तेरा नंबरच्या सोसायटीनंही त्याच आठवड्यात तोच ठराव केला होता, बाहेरची म्हणजे सात नंबरची माणसं आत येतात म्हणून. दोन्ही सोसायट्यांनी एकमेकांना न विचारता एकाच गवंड्याला बोलावलं, मानसिंगला. मानसिंग कामाला पक्का. त्यानं आधी या बाजूनं भगदाड बुजवलं, मग थापी-घमेलं सायकलला लावून सर्कल, डिव्हायडर, खाडीचा बांध असा पूर्ण वळसा घेऊन तो पलीकडे गेला आणि त्या बाजूनं परत बुजवलं. त्यामुळं अख्ख्या भिंतीत तेवढीच जागा आता दुप्पट जाड होती. "पण तू सांगायचं ना कुणाला तरी!" नझीर म्हणाला. मानसिंगला हा प्रश्न अपमानास्पद वाटला. "दोन पार्टी, दोन काम, साहेब," तो म्हणाला. "एका पार्टीची बात मी दुसऱ्या पार्टीला नाही सांगत."

तो आठवडा नझीरनं खिडकीत काढला. अम्मा गॅलरीत बसलेली दिसायची, बहुतेक वेळा पाठमोरी. पाठमोरी असणं म्हणजे रुसणं की नुसतं ऊन टाळणं, हे इतक्या अंतरावरून ठरत नव्हतं. हात वर केला तर ती हात वर करायची. पण पूर्वी ती हात वर करत नसे, कारण पूर्वी ती थोड्या वेळानं येणारच असे. हात वर करणं ही निरोपाची खूण आहे हे त्याच्या आता लक्षात आलं, आणि मग त्यानं हात वर करणं सोडून दिलं. एकदा ऑफिसातून येताना तो रिक्षा करून सगळा वळसा घालून आपाकडे गेला. पुढच्या दाराची बेल वाजवली. आपानं दार उघडलं, जरा बावरली, आणि त्याला हॉलमध्ये सोफ्यावर बसवून काचेच्या ग्लासात सरबत दिलं. आजवर त्यानं त्या घरात मोरीशेजारी उभं राहून हातावर घेतलेलं भजं खाल्लं होतं. अम्माही डोक्यावरून नीट पदर घेऊन समोर बसली. "बरं हाय ना?" तिनं विचारलं. "बरं आहे," तो म्हणाला. भिंतीला टेकवून तिची पत्र्याची पेटी ठेवलेली होती, पुसून, कुलूप घालून. परत येताना रिक्षात बसल्या बसल्या त्याला वाटलं की या शहरात घरं एकमेकांच्या इतकी जवळ बांधतात ती माणसांनी एकमेकांकडे नुसतं बघावं म्हणून. मग त्याला हा विचार जरा जास्तच झाला असं वाटलं आणि त्यानं रिक्षावाल्याशी हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या.

आठव्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, नंदकिशोर पाठकांनी संयुक्त सभा ठरवली. प्रश्न आला, कुठं घ्यायची? "आम्ही तिकडं गेलो तर ती त्यांची मीटिंग झाली," पाठक म्हणाले. तेराचे सेक्रेटरी धर्मराज सुर्वे यांचंही तेच म्हणणं होतं. शेवटी दोन्ही सोसायट्यांनी भिंतीच्या आपापल्या बाजूला खुर्च्या मांडल्या. वेफर्स दोन्हीकडे होते, चहा दोन्हीकडे होता, आणि भिंतीवरून आवाज नीट जात होता. फक्त हात दिसत नव्हते, आणि हात दिसल्याशिवाय मतदान कसं होणार? मग भिंतीवर एक निःपक्षपाती माणूस बसवावा असं ठरलं. दोन्हीकडे नातं असलेला माणूस निःपक्षपाती, या न्यायानं नझीरला स्टूल देऊन वर चढवण्यात आलं. एक पाय सातमध्ये, एक पाय तेरामध्ये टाकून तो बसला. ऊन उतरत होतं. त्याला ती जागा आवडली. लोकांची टकली वरून सारखीच दिसत होती.

"भगदाड उघडण्याच्या बाजूनं हात वर," पाठक म्हणाले. "तिकडचे किती, परकार?"

"तिकडचे अजून वेफर्स खातायत."

"वेफर्सवाला हात धरायचा नाही!" सुर्वे खालून ओरडले. "मताची चोरी सुर्वे कधी करत नाही."

नझीर मोजणार तेवढ्यात त्याची नजर पुढं गेली. भिंतीच्या शेवटाशी इमारती संपत होत्या आणि मोकळे प्लॉट सुरू होत होते, गवत, पाण्याची डबकी, आणि त्यातून गेलेला रुंद, रिकामा, नवाकोरा रस्ता. त्या रस्त्यावरून एक रिक्षा चालली होती. मागच्या सीटवर पांढरी साडी आणि साडीच्या बाजूला, बाहेर डोकावणारी, निळी पत्र्याची पेटी.

"आपा," तो ओरडला. आपा तेराच्या खुर्च्यांत बसली होती. "अम्मा कुठंय?"

"झोपलीय. मना म्हनाली, तू जा मीटिंगला."

"ती रिक्षात आहे. पेटी घेऊन."

अम्माचा आठ दिवसांचा वायदा एव्हाना दोन्ही सोसायट्यांत सगळ्यांना माहीत होता. या मुद्द्यावर तर सभा होती.

"कुठं चाललीय?" पाठकांनी विचारलं.

"बांधावर आहे."

"बांधावरून कुठं?"

हे सांगता येत नव्हतं. या शहरात कुठंही जायचं म्हटलं तरी सुरुवातीला भलत्याच दिशेला जावं लागे. बांधावरून जाणारी रिक्षा नझीरच्या घरी येणारी असेल, किंवा पनवेलच्या एसटी स्टँडवर जाणारी. मोठा रस्ता लागेपर्यंत दोन्ही रस्ते एकच होते. नझीरला उतरावंसं वाटलं. पण उतरून पळत कुठं जाणार? गेटातून बाहेर पडायचं म्हणजे रिक्षाकडे पाठ करून पळायचं. या शहरात आईच्या मागं धावायचं तर आधी तिच्यापासून लांब धावावं लागेल हे त्याला स्वच्छ दिसलं, आणि तो बसून राहिला. म्हसळ्याची एसटी किती वाजता सुटते ते त्याला पाठ होतं आणि ते आठवू नये म्हणून तो दुसरं काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होता.

"आता?" खालून कुणीतरी विचारलं.

"थांबली."

"का थांबली?"

"माहीत नाही. अम्मा उतरली. बांधाच्या कडेला उभी आहे. खाडीकडे बघतेय."

"अरे बापरे," आपा म्हणाली, आणि तिनं ओढणी तोंडाला लावली.

"आता खाली वाकलीय. आता... परत बसली. रिक्षा निघाली. मोठा रस्ता."

"डावीकडे का उजवीकडे?" सुर्वे उभे राहिले. "परकार, नीट बघा! उजवीकडे म्हणजे घर!"

रिक्षा मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी जरा थांबली आणि डावीकडे वळली. पनवेलच्या बाजूला. मग होर्डिंगच्या मागं गेली आणि दिसेनाशी झाली.

"डावीकडे," नझीर म्हणाला.

वेफर्सचं पाकीट वाऱ्यानं वाजत होतं. मग नंदकिशोर पाठक, ज्यांनी आजवर सोसायटीत बल्ब बदलायलासुद्धा ठरावाशिवाय परवानगी दिली नव्हती, अचानक म्हणाले, "मानसिंग कुठंय? फोड म्हणावं. मतदान मागाहून." पलीकडून सुर्वेही जवळजवळ त्याच क्षणी ओरडले, "फोडा हो! आमचा पाठिंबा आहे!" मानसिंग पहार घेऊन पुढं झाला. "दोन्ही पार्टीचा फोडू?" त्यानं खात्री करून घेतली, आणि घाव घातला. नझीरच्या मांडीखाली भिंत हादरू लागली. प्रत्येक घावाबरोबर त्याचे दात वाजत होते. विटांची धूळ उडत होती, दोन्हीकडची माणसं खोकत होती, आणि नझीरला वाटत होतं की हे सगळं किती चांगलं चाललंय आणि किती उशिरा. एसटीत अम्मा खिडकीशी बसेल. पेटी पायाशी घेईल. कुणी विचारलं तर म्हणेल, लेकाकडनं आलंय. मागच्या परसात कुणी नसेल. हाक मारली तर विहीरच तेवढी उत्तर देईल.

भगदाड पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भगदाडातून सुर्व्यांचं डोकं सातमध्ये आलं आणि त्यांनी पाठकांशी पहिल्यांदाच समोरासमोर नमस्कार केला. आणि नेमकी तेव्हाच, सगळ्यांच्या पाठीमागं, सातच्या गेटातून रिक्षा आत आली.

डिव्हायडर! नझीरला एकदम उमगलं. डिव्हायडर फुटतो तो थेट हायवेच्या तोंडाशी. उजवीकडे यायचं तर डावीकडे जाण्याशिवाय गत्यंतरच नाही. देशभराचे रस्ते सांगणारा माणूस स्वतःच्या घरचं वळण विसरला होता.

अम्मा सावकाश उतरली. तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत काहीतरी उड्या मारत होतं. तिनं गर्दी पाहिली, धूळ पाहिली, भिंतीवर बसलेला मुलगा पाहिला.

"वर काय करतंस रे?"

"मीटिंग चाललीय," नझीर म्हणाला. "तू... तू थांबलीस कुठं बांधावर?"

"कोलंबी घेतली. खाडीवर बायका बसल्यात, जित्ती कोलंबी हाय, कोनी बोललाच नाय मना." तिनं पिशवी पुढं आलेल्या नफिसाच्या हातात दिली. "आज कालवनाला खोबऱ्याचं लावन घाल. नारल हाय काय घरात?" मग ती रिक्षावाल्याकडे वळली. "तू बाबा, मंगळवारी सकाळी ये. त्या निळ्या टाकीच्या तिकडं मशीद दिसली ती नीट बघायचीय. आनि तो मोठा बाजार लागला ना, तिथं उतरायचंय. हॉर्न वाजव, मी येतंय खाली."

"आजी, आत्ताच तर सगळं फिरवलं तुम्हाला," रिक्षावाला म्हणाला.

"एकदा बघून काय कलतंय?"

सुर्व्यांनी भगदाडातून नम्रपणे हात पुढं केला. "आजी, बघा, तुमच्यासाठी वाट मोकळी केली. या, जाऊन या पलीकडे."

अम्मानं वाकून भगदाडात पाहिलं. पलीकडे आपा उभी होती, डोळे लाल, केसांत विटांची धूळ. "नबीला," अम्मा आपाला म्हणाली, "माजा चश्मा ऱ्हायला गादीवर. यातनं दे." मग सरळ होऊन तिनं सुर्व्यांना सांगितलं, "बरं केलात. पोरांना बरं पडंल."

नझीर अजून भिंतीवरच होता. खाली माणसं आता राडारोडा कुणी उचलायचा यावर बोलू लागली होती, आणि सूर चढत होते, आणि त्याला ते आवाज कुठल्या तरी परसातून येतायत असं वाटत होतं.

"अम्मा," त्यानं वरूनच विचारलं, "आणि गाव? मागलं दार नसलं तर गावाला सोड म्हणालीस ना?"

अम्मा जिन्याच्या पायरीवर थांबली. प्रश्न तिला जरा अडाणीपणाचा वाटला असावा.

"गावात रिक्षा कुठं हाय?" ती म्हणाली. "पेटी वर आन." आणि कठड्याला धरून ती चढू लागली.